चेष्टा

मनुष्याच्या कंठातून निघालेल्या मोठ्या आवाजाला भाषा एकाच नावाने ओळखत नाही. दूरच्या माणसाला आपण हाक मारतो. फेरीवाला आरोळी देतो. भयाने किंकाळी फुटते, तर जिवलगाच्या मृत्यूने माणूस हंबरडा फोडतो. 'हंबरडा' या शब्दात वासरासाठी हंबरणारी गाय दिसते. आमच्या रायपूरकडे छत्तीसगढी बोलीत मदतीसाठी मारलेल्या आर्त हाकेला 'गोहार' म्हणतात. हसण्याचेही तसेच आहे. थट्टेत जिव्हाळा असू शकतो. टवाळीत उनाडपणा असतो, हेटाळणीत तुच्छता आणि कुचेष्टेत विष.

इंग्रजी भाषेतही असे बारीक भेद आहेत. काही वर्षांपूर्वी रायपुरातील प्रौढांच्या एका सायंवर्गात मी मराठीच्या आधाराने इंग्रजी शब्दांची ओळख करून देत असे. एका संध्याकाळी फळ्यावर क्रियापदे लिहिली. 'शाउट' म्हणजे ओरडणे, 'स्क्रीम' म्हणजे किंचाळणे, 'रोअर' म्हणजे गर्जना करणे. त्यांच्या खाली 'मॉक' म्हणजे वेडावणे, 'स्निअर' म्हणजे ओठ मुरडून तुच्छता दाखवणे आणि 'जिअर' म्हणजे मोठ्याने ओरडून हुर्यो उडवणे. शेवटी 'चिअर' लिहिले. त्याचा अर्थ जयघोष करून उत्तेजन देणे. 'चिअर' आणि 'जिअर' यांत केवळ पहिल्या ध्वनीचा फरक. अर्थ मात्र अगदी उलट.

वर्गात जयस्तंभ चौकातून ऑटोरिक्षा चालवणारे एक मराठी गृहस्थ येत. वय पन्नाशीचे. लहानपणी हिंदी शाळा अर्ध्यावर सुटलेली. 'स्टेशन, स्टेशन!' ही त्यांची आरोळी चौकातल्या गोंगाटातही ऐकू येई. वर्गात मात्र त्यांचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नसे. त्या दिवशी ते धीर करून उभे राहिले आणि 'जिअर'च्या जागी 'चिअर' वाचून गेले. मागच्या बाकावरील एका तरुणाने त्यांच्याच स्वरात तो शब्द उच्चारला. वर्ग खळखळून हसला. लिहिताना लाज वाटते, पण मीही हसले.

वर्ग सुटल्यावर मी त्यांना म्हणाले, "भाऊ, तुमची चेष्टा करण्याचा कोणाचा हेतू नव्हता."

ते क्षणभर थांबले. म्हणाले, "बाई, हिंदी शाळेत मी चेष्टा म्हणजे प्रयत्न असे शिकलो होतो. आज मी चेष्टा केली, म्हणून माझी चेष्टा झाली."

मी निरुत्तर झाले. संस्कृतात 'चेष्टा' म्हणजे हालचाल, कृती, धडपड. हिंदीने त्यातला प्रयत्न घेतला. मराठीत रूढ झाली ती थट्टा. मराठीची एम.ए. झालेल्या मला हा भेद ठाऊक होता. पण धडपडणारा माणूस आणि त्याला हसणारे लोक एकाच शब्दात शेजारी उभे आहेत, हे मला त्या गृहस्थांनी दाखवले.

पुढचे दोन दिवस ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते येऊन बसले, तेव्हा मी सर्वांसमोर त्यांची क्षमा मागितली. "त्या दिवशी चुकीचा उच्चार एकाचा होता; चुकीचे वागणे आम्हा सर्वांचे होते," असे मी म्हणाले. मग फळ्यावरचे शब्द प्रत्येकाला मोठ्याने वाचायला सांगितले. कोणी 'स्क्रीम'वर अडखळले, कोणी 'स्निअर'वर. मागच्या बाकावरचा तरुणही 'रोअर'पाशी थांबला. त्या गृहस्थांची पाळी आली, तेव्हा मी म्हणाले, "भाऊ, चौकातल्या आवाजात वाचा." त्यांनी वाचले. 'जिअर' आणि 'चिअर' हे दोन्ही शब्द स्पष्ट आले आणि आवाज खोलीच्या दारापर्यंत गेला.

तुमच्यापैकीही अनेकांनी बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पुस्तक हाती घेतले असेल. वाचताना जीभ अडखळेल, क्वचित कोणी हसेलही. त्या वेळी आवाज लहान करू नका. आणि शेजारचा अडखळला, तर त्याला धीर द्या.