हिमफलकाखालील सागरतळ

पृथ्वीचा नकाशा पुढें पसरून अगदीं दक्षिणेस पाहिलें असतां अंटार्क्टिका खंडाच्या पश्चिम बाजूस अमुंडसेन समुद्र दिसतो. त्याच्या एका कोपऱ्यांत ‘पाइन आयलंड’ नांवाचा उपसागर आहे. नांवावरून तेथें चिडाच्या वृक्षांनीं भरलेलें एखादें हिरवें बेट असावें असा भास होतो. परंतु शेंकडों कोसांत तेथें एक झाड नाहीं. १९४६-४७ सालीं अमेरिकेच्या आरमारानें दक्षिणध्रुवाकडे जी मोहीम धाडली, तींतील एका जहाजाचें हें नांव. तेंच त्या उपसागरास आणि त्यांत उतरणाऱ्या हिमनदीस चिकटलें. आजच्या लेखांत वाचकांस बरोबर घेऊन आम्ही या हिमनदीच्या मुखापर्यंत, किंबहुना मुखाच्याहि खालीं, जाणार आहों. गरम कपड्यांची तयारी करण्याचें कारण नाहीं. जेथें जावयाचें तेथें आजवर कोणीहि मनुष्य गेलेला नाहीं. गेलीं तीं केवळ यंत्रें, आणि तेथून वर आला तो थोडासा गाळ. त्या यंत्रांच्या व गाळाच्या साक्षीवरच आमचा हा प्रवास व्हावयाचा आहे.

प्रथम हिमफलक म्हणजे काय तें पाहूं. हजारों वर्षें खंडावर पडलेला बर्फ आपल्याच भारानें दाबला जाऊन हळुहळू समुद्राकडे सरकत असतो. पुढें एका रेषेवर त्याची तळाशीं असलेली गांठ सुटते व तो पाण्यावर तरंगूं लागतो. मागें जमिनीवरील बर्फाशीं जोडलेला आणि पुढें समुद्रावर पसरलेला हा जो शेंकडों मीटर जाडीचा थर, त्यास आम्ही हिमफलक म्हणतों. आपल्या देशाचा त्याच्याशीं परिचय अगदींच नवा नाहीं. ६ डिसेंबर १९८१ रोजीं डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखालीं पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजीं अंटार्क्टिकावर उतरली. पुढें १९८३-८४ च्या मोसमांत ‘दक्षिण गंगोत्री’ हें आपलें पहिलें ठाणें उभें राहिलें, तें अशाच एका फलकावर. हिमवर्षावाखालीं तें गाडलें जाऊं लागलें, तेव्हां खडकाळ भूमीवर ‘मैत्री’ बांधावें लागलें. ध्रुवप्रदेशांचा अभ्यास करणारी आपली राष्ट्रीय संस्था आजहि गोव्यांत वास्को येथें आहे. मात्र ‘दक्षिण गंगोत्री’चा फलक आणि आपण निघालों आहों तो फलक यांच्यांमध्यें जवळजवळ अर्ध्या खंडाचें अंतर आहे.

आतां कोणी विचारील कीं, बर्फाचा इतिहास पाहावयाचा तर बर्फावर पाहावें; त्याच्या खालच्या काळोखांत शिरण्याचें प्रयोजन काय? प्रयोजन असें कीं, उपग्रहांनीं या प्रदेशाची नियमित टेहळणी सुरू केल्यास अवघीं चार-पांच दशकें झालीं. त्यापूर्वीं तेथें राहून बखर लिहिणारा कोणी नव्हता. नदीला आलेला गढूळ पूर पाहून वरच्या मुलुखांत पाऊस झाला असला पाहिजे, असें कार्यावरून कारण ओळखण्याचें उदाहरण आपल्या न्यायशास्त्रांत प्रसिद्ध आहे. त्यास ‘शेषवत्’ अनुमान म्हणतात. येथें शास्त्रज्ञांनीं तोच मार्ग धरिला. पूर केव्हांच ओसरून गेला होता. पण गाळ जागच्याजागीं होता.

२००९ च्या जानेवारींत ‘ऑटोसब-३’ नांवाची इंग्लंडची मनुष्यविरहित पाणबुडी पाइन आयलंड हिमनदीच्या फलकाखालीं सोडण्यांत आली. जाड बर्फाखालीं रेडिओचा संदेश पोंचत नाहीं. म्हणून मुलाला निरोप पाठ करून परगांवीं धाडावें, तशी तिला वाट आधींच शिकवून सोडावी लागते. तिनें जी मोजमापें आणिलीं त्यांवरून कळलें कीं, फलकाखालीं समुद्रतळावर सुमारें ३०० मीटर उंचीचा एक आडवा बांध आहे. हिमनदी पूर्वीं या बांधावर टेकलेली होती. वाड्याचा उंच उंबरठा अंगणांतलें पाणी माजघरांत येऊं देत नाहीं, तद्वत् हा बांध व त्यावर बसलेला बर्फ बाहेरच्या खोल समुद्रांतील ऊन पाणी आंत शिरूं देत नव्हते. हें पाणी ऊन म्हणावयाचें तें तेथील मानानें. गोठणबिंदूहून तें तीन-चार अंशच अधिक असतें. परंतु बर्फ पोखरावयास तेवढें पुरतें. आज हिमनदीचा पाय उंबरठ्यापासून बराच मागें सरला आहे. मग तो उंबरठा सुटला केव्हां? या प्रश्नाचें उत्तर पाणबुडीजवळ नव्हतें.

तें मिळविण्यासाठीं २०१२-१३ च्या दक्षिणेकडील उन्हाळ्यांत एक मंडळी फलकावर जाऊन राहिली. तिनें बर्फच वितळवून पाणी केलें, तें तापविलें आणि लांब नळींतून त्याचा झोत खालीं सोडून सुमारें ४५० मीटर जाडीच्या बर्फांतून वीतभर रुंदीचीं भोंकें पाडिलीं. अशा भोंकाला उसंत नसते. सभोंवारचा थंड बर्फ तें लगेच बुजवूं लागतो. तेवढ्या अवधींत त्यांतून वजनदार पोकळ नळी समुद्रतळापर्यंत सोडावयाची, ती गाळांत रुतवावयाची आणि आंत अडकलेली गाळाची कांडी जशीच्या तशी वर ओढून घ्यावयाची, असें हें काम आहे.

ही कांडी वाचण्याची रीत समजण्यास कठीण नाहीं. बर्फ टेकलेला किंवा अगदीं जवळ असतो, तेथें खडे, वाळू व माती यांची सरमिसळ पडते. कारण बर्फ वाटेंत सांपडेल तें निवड न करितां ओढून आणतो. बर्फ उचलला जाऊन खालीं पाणी खेळूं लागलें, म्हणजे प्रवाहाबरोबर येणारा बारीक, वस्त्रगाळ चिखल वर सांचूं लागतो. अर्थात् जाड थरावर बारीक थर जेथें सुरू झाला, तेथें बर्फानें जागा सोडली असें समजावें. राहिला प्रश्न तिथीचा. शिशाचा एक किरणोत्सर्गी प्रकार निसर्गतः गाळांत असतो आणि सुमारें २२ वर्षांत तो निम्मा होतो. त्याचें उरलेलें प्रमाण मोजलें कीं थराचें वय निघतें. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखक शक घालून ठेवीत असे; येथें तें काम शिशानें केलें आहे.

जेम्स स्मिथ व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं या वाचनाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. बांधाच्या मागें समुद्राचें पाणी प्रथम शिरलें तें १९४५ च्या सुमारास. त्यांत १२ वर्षें मागेंपुढें धरावीं. आणि बांधावरून बर्फ पुरता सुटला तो १९७० च्या सुमारास. त्यांत ४ वर्षें मागेंपुढें. आतां १९३९ ते १९४२ या काळांत पॅसिफिक महासागरांत प्रबळ ‘एल् निनो’ झाला होता. हें नांव आपल्याकडील शेतकऱ्यासहि आतां परकें नाहीं. त्याच्या योगानें आपला मोसमी पाऊस पुष्कळदां उणा पडतो. त्यानेंच दूर दक्षिणेस वाऱ्यांची दिशा पालटून ऊन पाणी फलकाखालीं लोटलें असावें, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

या साऱ्या हकीकतींत आमच्या मनास जें अधिक लागलें, तें पुढेंच आहे. तो एल् निनो तीन-चार वर्षांत निवळला. हवामान बरेंचसें पूर्वपदावर आलें. पण हिमनदी उंबरठ्यावर परतली नाहीं. या भागांत बर्फाखालचा खडक समुद्रसपाटीहून खोल आहे आणि आंत जावें तसतसा तो अधिकच खोल होत जातो. त्यामुळें एकदां पाय सुटला कीं मागें टेकावयास जागा मिळत नाहीं. कारण संपलें, कार्य मात्र चालूच राहिलें. ताप उतरला तरी अशक्तपणानें रोगी पुन्हां उठूं नये, तसेंच हें झालें.

शेजारच्या थ्वेट्स हिमनदीची कथा हीच. तिचा विस्तार गुजरात राज्याएवढा आहे. २०१९ सालीं स्वीडनच्या ‘रान’ नांवाच्या पाणबुडीनें तिच्या पुढील समुद्रतळाचें, सुमारें ७०० मीटर खोलीवर, बारकाईनें चित्रण केलें. तेथें शेतांतल्या सरींसारखे १६० हून अधिक लहान वरंबे एकापुढें एक आढळले. सगळेच अगदीं ठेंगणे होते. भरतीला बर्फ किंचित् उचलला जाई, ओहोटीला पुन्हां बसे आणि बसतांना मऊ गाळ दाबून एक वरंबा उठवी. दिवसास एक वरंबा. ते मोजून २०२२ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, गेल्या दोनशें वर्षांत केव्हां तरी साडेपांच महिनेपर्यंत ही हिमनदी वर्षाला दोन किलोमीटरांहून अधिक वेगानें मागें हटत होती. २०११ ते २०१९ मध्यें उपग्रहांनीं तेथें पाहिलेल्या वेगाच्या हें दुप्पट आहे. पुढें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या गाळाच्या अभ्यासानें थ्वेट्सची माघारहि १९४० च्या दशकांतच सुरू झाल्याचें दाखविलें. शेजारशेजारच्या दोन नद्या एकाच वेळीं हलल्या, तेव्हां कारण एकट्या नदीचें नसून बाहेरचें होतें, हें अनुमान दृढ झालें. ‘रान’ मात्र त्याच वर्षीं दुसऱ्या एका फलकाखालीं गेली ती परत आलीच नाहीं.

याहून फार मागें जावयाचें तर रॉस समुद्राकडे वळावें. तेथें मॅकमर्डो फलकांतून २००६-०७ सालीं समुद्रतळाखालीं सुमारें १,२८५ मीटर खोल वेध घेण्यांत आला. तींत कधीं बर्फानें दडपलेले खडे, तर कधीं मोकळ्या, उजेडाच्या समुद्रांत वाढणाऱ्या डायाटम नांवाच्या सूक्ष्म शेवाळांच्या कवचांचे थर, असे आळीपाळीनें सांपडले. तीस ते पन्नास लक्ष वर्षांपूर्वींच्या उष्ण काळांत पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ सुमारें ४०,००० वर्षांच्या फेऱ्यांनीं येत-जात होता, असें त्यांवरून कळलें. त्या वेळीं हवेंतील कर्बवायूचें प्रमाण साधारणतः आजच्याइतकेंच होतें.

एकटी थ्वेट्स हिमनदी सर्व वितळल्यास जगांतील समुद्र सरासरी ६५ सेंटिमीटरांनीं चढेल. तें एका पिढींत होणार नाहीं. तथापि कोंकणांतल्या खाजणांचे बांध ज्यांनीं पाहिले आहेत, भरतीच्या रात्रीं ते फुटूं नयेत म्हणून धांवणारीं माणसें ज्यांच्या ओळखीचीं आहेत, त्यांस दोन वितींहून अधिक, जवळजवळ तीन विती पाण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. शिवाय एवढा मोठा हिमराशि समुद्राला आपल्याकडे ओढून धरीत असतो. तो घटला कीं तेथलें पाणी उतरतें आणि दूरच्या किनाऱ्यांवर चढतें. आपण त्या दूरच्यांतच मोडतों.

चिखलांत पाय घालून मग धुण्यापेक्षां तो चिखलापासून दूर ठेवणें बरें, असा आपल्याकडे एक न्याय आहे. समुद्रतळाच्या चिखलानें त्याला नवा आधार दिला आहे. ऊन पाणी एकदां उंबरठ्याच्या आंत गेलें, म्हणजे बाहेर हवा पुन्हां थंड झाली तरी घर सांवरत नाहीं. म्हणून जे उंबरठे अजून शाबूत आहेत ते संभाळण्याचा काळ आजचाच आहे.