मृदंगाचे खोड आणि पुडी

शेगाव

तीर्थरूप काकांस,

आपल्याकडे आलेल्या जुन्या मृदंगाविषयी आपण जे विचारले, त्याच्या उत्तरापूर्वी एवढे सांगणे आवश्यक आहे, की या वाद्याच्या सर्व भागांचे वय एक नसते. लाकडी खोड पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोन्ही तोंडांवरची चामडी पुडी मात्र नित्याच्या भजनात थापेने झिजत जाते. आणि पुड्या ताणून धरणारी वादी, म्हणजे चामड्याची लांब पट्टी, या दोहोंच्या मधले आयुष्य जगते. म्हणून सगळे मूळचेच राहू द्यावे हा संग्राहकाचा आग्रह आणि सगळे नवे करून घ्यावे ही भजनी मंडळाची निकड, या दोन्ही भूमिका येथे अपुऱ्या पडतात. जपायचे ते खोड. पुडी बदलण्यासाठीच असते. शिकागोत १९०९ साली सुरू झालेल्या लुडविग कंपनीच्या जुन्या ड्रमांचे संग्राहकही कवच, धातूचे सुटे भाग आणि कंपनीचे बिल्ले जिवापाड सांभाळतात. त्यावरचे कातडे मात्र, १९५७ च्या सुमारास प्लास्टिकची पुडी बाजारात आल्यापासून, बिनदिक्कत बदलले जाते.

शेगावच्या परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. गजानन महाराज १८७८ साली येथे प्रकट झाले, आणि दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथातच मोटे यांच्या शिवमंदिरातील गोविंदबुवा टाकळीकरांच्या कीर्तनाचा प्रसंग येतो. टाळ-मृदंगाचा नाद या गावाला तेव्हाही परका नव्हता. पुढे महाराजांच्या १९१० मधील समाधीनंतर येथे संस्थान वाढले, पायी वारी निघू लागली आणि गावोगावच्या मंडळांना भजनी साहित्य पोचू लागले, ही निश्चितच पुण्याईची गोष्ट आहे. परंतु नवे वाद्य घरात आले, की जुने माळ्यावर जाते आणि तेथे वाळवी, उंदीर व वऱ्हाडचा उन्हाळा त्याचा शेवट करतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो तेव्हा लाकूड आकसून फाटते. उलट आषाढात वारीच्या वाटेवर दमट हवेने चामडे सैल पडते व स्वर उतरतो.

उजव्या तोंडावरच्या काळ्या वर्तुळाला शाई म्हणतात. लोहचूर्ण आणि शिजवलेला भात किंवा खळ यांच्या लगद्याचा अगदी पातळ थर चामड्यावर द्यायचा, गुळगुळीत दगडाने तो घोटायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर आधीपेक्षा लहान वर्तुळात पुढचा थर चढवायचा, असे कितीतरी थर द्यावे लागतात. घोटण्यामुळे शाईत बारीक भेगांची जाळी पडते, आणि ती जाळी असते म्हणूनच कठीण शाई चामड्याबरोबर हलू शकते. साध्या, सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल पडद्याचा दुसरा स्वर पहिल्याच्या सुमारे १.५९ पट असतो, त्यामुळे त्यातून स्पष्ट सूर न येता नुसता धपका येतो. शाईमुळे मध्यभागी वजन वाढल्याने हे स्वर पटीत बसू लागतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासह ‘नेचर’मध्ये आणि १९३४ मध्ये अधिक विस्ताराने हीच गोष्ट प्रयोगाने मांडली. म्हणून शाई उडालेली असेल तर तीवर घरगुती लेप लावू नये; ते काम मृदंग भरणाऱ्या कारागिराचे आहे. डाव्या तोंडाला वाजवण्यापूर्वी कणीक लावतात व नंतर खरवडून काढतात. ती तशीच राहिली तर वाळून चामडे ओढते आणि उंदरांना आमंत्रण देते.

वाद्याचा इतिहास मात्र खोडातच वाचायचा असतो, आणि तो वाचण्याची संधी पुड्या उतरवल्यावरच मिळते. आत दिवा धरून पाहिले असता हाताने पोखरलेल्या खोडात छिन्नीचे लहानमोठे, तिरपे घाव दिसतात, तर यंत्रावर कातलेल्या खोडात समान अंतरावरची वर्तुळे दिसतात. हे घाव पॉलिशकागदाने घासून गुळगुळीत करणे म्हणजे कारागिराची सहीच पुसणे होय. बाहेर कुणी रंगाने मंडळाचे वा गावाचे नाव लिहिलेले असेल, तर ते वाकडेतिकडे असले तरी तसेच राहू द्यावे, कारण पुष्कळदा वाद्य कुठून आले याचा तेवढाच लेखी पुरावा उरतो. भोकांतून ताजा, फिकट भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजावे आणि आधी तिचा बंदोबस्त करावा. फट बुजवायची झाल्यास त्याच जातीच्या लाकडाची पट्टी सरसाने बसवावी. सरस गरम पाण्याने सुटतो, त्यामुळे उद्या अधिक जाणता कारागीर भेटला तर केलेले काम उलटवता येते. कृत्रिम गोंदाने ती सोय राहत नाही. गट्टे, म्हणजे वादीखाली सरकवून स्वर चढवण्याचे लाकडी ठोकळे, मूळचे असतील तर तेच वापरावेत. नटबोल्टची सोय ज्यांना रोज वाजवायचे त्यांनी खुशाल करून घ्यावी, पण त्यासाठी जुन्या खोडाला भोके पाडावी लागत असतील तर ती करू नये.

पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेल्या संग्रहात वाद्यांनाही मानाची जागा मिळाली, आणि तो संग्रह त्यांनी पुढे राज्य शासनाच्या स्वाधीन केला. अशा संग्रहालयांचे ऋण मोठे आहे. तरीही काचेमागचा मृदंग पाहता येतो, ऐकता येत नाही, आणि वर्षानुवर्षे न वाजलेल्या वाद्याबरोबर ते भरण्याची विद्याही विसरली जाते. आपल्या मृदंगाला कारागिराकडून नवी पुडी चढवून घ्यावी, उतरवलेली जुनी पुडी व वादी सुती कापडात गुंडाळून, तारखेच्या चिठ्ठीसह कोरड्या जागी ठेवावी, कारागीर शाईचे थर देत असताना त्याची पद्धत त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावी, आणि एकादशीच्या भजनाला वाद्य भजनी मंडळाच्या हाती द्यावे, ही विनंती.