पायऱ्यांचा हिशेब

प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षे शिकवताना आईने युरोपच्या नकाशावर छडी टेकवून प्रत्येक वर्गाला एकच खूण सांगितली होती : "समुद्रात बुडवलेला बूट दिसतो ना, तो इटली." सांगली जिल्ह्यातील त्या शाळेतून ती निवृत्त झाली, तेव्हा पुण्यात नोकरी करणारी मुलगी तिला म्हणाली, "आई, तो बूट एकदा जाऊन बघून येऊ." आई हसली आणि म्हणाली, "अगं, तेवढ्या पैशांत घरावरचे पत्रे बदलून होतील."

पैशांचा प्रश्न खराच होता. मुलीने दोन वर्षांत बाजूला टाकलेली रक्कम तीन लाखांच्या आसपास होती. त्याहून अधिक लागले तर आजारपणासाठी राखलेली आईची मुदत ठेव मोडावी लागली असती. आई त्यालाही तयार होती. मुलगी मात्र नव्हती. तेव्हा विमानप्रवास, प्रवेशपरवाना, विमा, राहणे, खाणे आणि फिरणे हे सारे दोघींसाठी तीन लाखांत बसवायचे, अशी मर्यादा ठरली आणि एका जुन्या वहीत हिशेब सुरू झाला.

पहिला बेत बहुतेक घरांत होतो तसाच झाला. अकरा दिवस आणि मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, अमाल्फी असे सहा मुक्काम. एवढ्या दूर जायचे तर सगळेच पाहून यावे, हा त्यामागचा विचार. बेरीज चार लाखांच्या पुढे गेली. मुलीने तो बेत आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "तू ठरवशील ते." मुलीने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

त्याच हिवाळ्यात सारे कुटुंब कुंभोज-बाहुबलीला दर्शनासाठी गेले. दरवर्षी अनवाणी डोंगर चढून जाणारी आई त्या सकाळी पायथ्याच्या कट्ट्यावर बसली. "तुम्ही दर्शन घेऊन या, मी इथे बसते. ऊन फार आहे." वेळ सकाळी आठची होती आणि अंगावर शाल होती. मुलगी चार पायऱ्या चढून मागे वळली. आई दोन्ही हातांनी गुडघे दाबत बसली होती. "तू ठरवशील ते" या शब्दांत किती गोष्टी बोलायच्या राहून गेल्या होत्या, हे तिला तेव्हा कळले. परत आल्यावर तिने वही उघडली, रुपयांच्या रकान्याशेजारी आणखी एक रेघ ओढली आणि वर लिहिले : पायऱ्या.

या दुसऱ्या रकान्याने पहिल्या बेताची कसून तपासणी केली. अमाल्फीच्या किनाऱ्यावरील पोझितानोसारखे गाव कड्यावर टांगलेले आहे. तिथे समुद्राकडे जाणारी वाट म्हणजे प्रामुख्याने जिनाच. व्हेनिसमध्ये बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि बॅग उचलूनच ते ओलांडावे लागतात. दर दोन दिवसांनी मुक्काम हलवायचा म्हणजे प्रत्येक वेळी सामान, स्टेशन, जिने आणि महागडे वेगवान रेल्वेचे तिकीट. ज्या ओळीत पायऱ्या अधिक, त्याच ओळीत रुपयेही अधिक, असे जवळजवळ प्रत्येक पानावर दिसू लागले. आईच्या गुडघ्यांना जे परवडत नव्हते, ते मुलीच्या बचतीलाही परवडत नव्हते. मग एकच किनारा, एकच मुक्काम आणि रोज एखादेच गाव, असा दुसरा बेत आकाराला आला.

किनारा ठरला लिगुरियाचा. इटलीच्या वायव्येला, जिनोआ शहराच्या दोन्ही बाजूंना, डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत हा प्रदेश चंद्रकोरीसारखा पसरलेला आहे. त्याच्या पूर्व भागात मोन्तेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे ओळीने वसली आहेत. त्यांनाच 'चिंक्वे तेर्रे', म्हणजे पाच भूमी, असे म्हणतात. १९९७ मध्ये पोर्तोव्हेनेरे गाव आणि जवळची बेटे यांच्यासह हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि १९९९ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

या गावांचे खरे वैभव रंगीत घरांमागच्या डोंगरउतारांवर आहे. शतकानुशतके तिथल्या शेतकऱ्यांनी चुना किंवा माती न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून, उतारावर गडगे रचले. त्यांच्या आधाराने मूठमूठ माती धरली आणि द्राक्षे, ऑलिव्ह व लिंबे पिकवली. असे कोरडे गडगे रचण्याच्या कलेला २०१८ मध्ये युनेस्कोने इटलीसह आठ देशांचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. तरुण मंडळी शेती सोडून गेली तसे कित्येक गडगे ढासळले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी झालेल्या अतिवृष्टीत डोंगरावरून आलेल्या चिखलाने वेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सो यांची वाताहत केली, माणसेही दगावली. पुढे गावकऱ्यांनी ती गावे पुन्हा उभी केली.

मुक्कामासाठी या पाचांपैकी कोणतेही गाव न निवडता शेजारचे लेवान्तो निवडण्यात आले. पाच गावांत जागा कमी, भाडे अधिक आणि घरे उंच, अरुंद जिन्यांची. लेवान्तो मात्र बऱ्याच अंशी सपाट आहे, किनारा मोठा आहे आणि मोन्तेरोस्सो तिथून रेल्वेने पाच-सहा मिनिटांवर आहे. शिवाय जुना रेल्वेमार्ग बंद झाल्यावर त्याच्या बोगद्यांतून बोनास्सोला आणि फ्रामुरा या गावांकडे जाणारी पाच-साडेपाच किलोमीटरची सपाट वाट तयार केलेली आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला समुद्राकाठी चढ-उतार न करता चालता यावे, ही या डोंगराळ प्रदेशात दुर्मीळ गोष्ट. घर निवडताना मुलीने प्रत्येक मालकाला आधी एकच प्रश्न विचारला : स्टेशनपासून दारापर्यंत आणि दारापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? उत्तर टाळणाऱ्यांची नावे तिने खोडली. अखेर लहानसे स्वयंपाकघर असलेली, तळमजल्यावरची खोली मिळाली.

काळ ठरवताना आईने प्रथमच आपली अट बोलून दाखवली. चातुर्मासात ती प्रवास करत नाही आणि भाद्रपदातील दशलक्षण पर्वात ती घराबाहेर राहणार नव्हती. त्यामुळे अनेकांच्या आवडीचा सप्टेंबर बाद झाला. ऑगस्टमध्ये इटलीतीलच माणसे सुट्टीसाठी किनाऱ्यावर लोटतात, भाडी गगनाला भिडतात आणि उकाडाही असतो. २५ एप्रिल, १ मे आणि २ जून या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या आसपास गर्दी होते. उरला मेचा मध्य. त्या दिवसांत तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका भोजन आटोपण्याचा आईचा नियम तिथे रात्री आठपर्यंत सुखाने पाळता येणार होता. सप्टेंबरच्या अखेरीस तोच सूर्य सव्वासातच्या आत मावळतो आणि तिथली भोजनगृहे संध्याकाळी सातनंतरच उघडतात. आईच्या नियमाने नकळत प्रवासाचा सर्वांत योग्य महिना शोधून दिला होता.

कागदपत्रांचे काम वेळखाऊ असते. शेंगेन प्रवेशपरवान्यासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. म्हणून परवाना हाती येईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्यावी. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवासविमा अनिवार्य आहे. वडीलधाऱ्यांचा विमा उतरवताना त्यांचा पूर्वीचा आजार मुळीच लपवू नये. आईने निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि बँकेचे उतारे स्वतःच नीट लावून दिले. वर्गाची हजेरी सांभाळणाऱ्या हातांना ते काम जड नव्हते.

रेल्वेच्या बाबतीत दोन गोष्टी वहीत ठळक लिहिल्या गेल्या. मिलानहून किनाऱ्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीचे तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते. परंतु गावोगावी थांबणाऱ्या प्रादेशिक गाडीचे भाडे आधी काढल्याने कमी होत नाही. त्या गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर दंड होतो. तिथे संपही होतात. अशा वेळी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत काही प्रादेशिक गाड्या सोडण्याची हमी असते. परतीच्या विमानाच्या आदल्याच दिवशी मिलान गाठण्याचे ठरले ते याच कारणाने.

आहाराचा विषय आईच्या दृष्टीने सर्वांत नाजूक होता. इटली म्हणजे शाकाहाऱ्यांची चंगळ, असे सगळे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. तिथले सुप्रसिद्ध पार्मेजान चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात, त्यामुळे ते वर्ज्य. लिगुरियाचा अभिमान असलेल्या 'पेस्तो'त तेच चीज असते आणि लसूणही. मोन्तेरोस्सोची ख्याती खारवलेल्या लहान मासळीची. ती कुठल्या पदार्थात असेल, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून मुलीने एका कागदावर इटालियन शब्द लिहून घेतले : 'सेन्त्सा आल्यो', लसणाशिवाय, 'सेन्त्सा चिपोल्ला', कांद्याशिवाय, 'सेन्त्सा फोर्माज्जो', चीजशिवाय. याउलट एक पदार्थ आपल्या घरचाच निघाला. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भट्टीत भाजलेली 'फारिनाता' म्हणजे बेसनाचे जाड धिरडेच. वर कांदा घातलेला नाही ना, एवढे पाहावे. सोबत नेण्यासाठी भाकरीचे पीठ, मूगडाळ, मेतकूट आणि लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी असे सामान निघाले. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई असल्याने तुपाचा डबा आईने कपाटात परत ठेवला, काहीशा नाराजीनेच.

आणि मेच्या मध्यात दोघी निघाल्या.

लेवान्तोतील दिवसांना लवकरच एक लय आली. सकाळी उठून भाकऱ्या, मग गाडीने एक गाव, दुपारी परत, संध्याकाळी बोगद्यातली सपाट वाट आणि साडेसातला घरी जेवण. एका संध्याकाळी आईने बाजारातून बेझिलची जुडी आणली, घरातील दगडी खलात मीठ, शेंगदाणे आणि तेल घालून ती कुटली. 'पेस्तो' हा शब्द ठेचणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे, असे मुलीने सांगताच आई म्हणाली, "म्हणजे ठेचाच की! मग एवढा गाजावाजा कशाला?" वेर्नाझ्झाला स्टेशनातून बाहेर पडले की एकच रस्ता हळूहळू उतरत थेट बंदरापर्यंत जातो. तिथे आईने पाण्याकाठी दोन तास बसून काढले. त्या दिवसाचा खर्च फक्त रेल्वेच्या तिकिटाचा होता.

कोर्नील्या हे एकच गाव मुलीने वहीत खोडून ठेवले होते. ते समुद्रापासून उंच कड्यावर आहे. तिथे बोट लागत नाही आणि स्टेशनपासून गावात जाणाऱ्या जिन्याला सुमारे ३८० पायऱ्या आहेत. पाचव्या दिवशी गाडी तिथे थांबली तशी आई उठली. "उतरू या." खाली उतरून तिने तो नागमोडी जिना वरपर्यंत पाहिला आणि फलाटाच्या बाकावर बसत म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथे बसते."

कुंभोजच्या पायथ्याशी ऐकलेले तेच शब्द. मुलगी शेजारी बसली. "आई, गुडघे किती दिवसांपासून दुखतात?"

आई बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिली. "दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर तू मला आणलं नसतंस."

"सांगितलं असतंस तर त्या पहिल्या बेतावर चार महिने घालवले नसते," मुलगी म्हणाली. "वर जायला स्टेशनपासून लहान बस आहे. चल."

बसने त्यांना पाच-सात मिनिटांत गावात पोहोचवले. गावाच्या टोकाला असलेल्या सज्जावरून दोन्ही बाजूंचा किनारा आणि डोंगरभर उतरत गेलेले गडगे दिसत होते. आई शिक्षिकेच्या नजरेने ते मोजू लागली आणि थोड्याच वेळात मोजणे सोडून म्हणाली, "एवढे दगड वाहून नेणाऱ्यांचे गुडघे कसे राहिले असतील गं?"

प्रवास मर्यादेत पार पडला. मुदत ठेव जागच्या जागी राहिली. सांगलीला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आई स्वतःहून अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेली. वृद्ध आईवडिलांना घेऊन निघणाऱ्या मुलांनी रुपयांचा हिशेब जरूर मांडावा. परंतु त्याच्या शेजारचा रकाना त्यांना विचारून भरावा आणि "तू ठरवशील ते" हे उत्तर पुरेसे मानू नये. त्या वहीच्या शेवटच्या पानावर आता आईच्या वळणदार अक्षरात दोन ओळी आहेत. पहिली : "श्रवणबेळगोळ, पुढच्या वर्षी." दुसरी : "पायऱ्या खूप. डोलीची चौकशी करणे."