हजेरी : वूंडेड नी ते आमची चावडी

१/ अमेरिकेच्या पश्चिम सीमेचा इतिहास वाचताना मला सर्वाधिक अस्वस्थ केले ते एका शब्दाने : 'लढाई'. २९ डिसेंबर १८९० रोजी दक्षिण डकोटातील वूंडेड नी ओढ्याकाठी अमेरिकन घोडदळाने लाकोटा लोकांची कत्तल केली. मृतांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. सरकारी दफ्तरात तिची नोंद 'लढाई' अशी झाली आणि सैनिकांना शौर्यपदके मिळाली.

२/ पण ही हिंसा केवळ बंदुकीची नव्हती. राखीव प्रदेशात कोंडलेल्या लाकोटांना सरकारी एजंटाकडून शिधा घ्यावा लागे. हद्दीबाहेर जायचे तर त्याचाच परवाना लागे. रानगव्यांमागे मुलूख तुडवणाऱ्या माणसाने चालण्यासाठी चिठ्ठी मागायची! इथे मी पुस्तक मिटले. ही चिठ्ठी माझ्या ओळखीची होती.

३/ १८७१ मध्ये इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. काही जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार मानली गेली. १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. नोंद झालेल्याने नेमल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच उभी राहिली.

४/ कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी होती. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी ती बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी सोनतळी कॅम्पात आसरा दिला, आपल्या पदरी नोकऱ्या दिल्या. हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. मात्र 'बंद केली' म्हणताना ती तोवर चालू होती, हेही आपणच सांगत असतो. कुणीतरी ती देत होते, कुणीतरी घेत होते.

५/ आमच्या घरात ती घेतली जात होती. माझे खापरपणजोबा करवीर भागातल्या एका गावचे पाटील. आजी सासूकडून ऐकलेली गोष्ट कौतुकाने सांगते : "दिवेलागणीला चावडीसमोर सगळी रांगेनं उभी राहायची. मालकांनी नुसतं खाकरलं तरी चिडीचूप!" लहानपणी मला या गोष्टीत फक्त खापरपणजोबा दिसायचे. वूंडेड नी वाचल्यावर प्रथमच रांग दिसली.

६/ परवा मी आजीला विचारले, "त्या रांगेत कोण कोण असायचं गं?" तिने जातींची नावे सांगितली. माणसाचे एकही नाव तिला आठवेना. खापरपणजोबांच्या घोडीचे नाव मात्र लगेच आठवले. आजी स्वतःच गप्प झाली. मग म्हणाली, "कुणी सांगितलीच नाहीत बघ."

७/ मग आपल्याच माणसांचा इतिहास वाचायचा तरी कसा? मला वाट दाखवली ती जोतीराव फुल्यांनी. १८७३ मधील 'गुलामगिरी' त्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केली. त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत मात्र युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर केलेल्या क्रौर्याचाही उल्लेख आहे, आणि इथल्या मूळ लोकांच्या दमनाशी त्यांनी त्याची तुलना केली आहे. कृतज्ञतेपोटी त्यांनी आरोप गाळला नाही, आरोपापोटी कृतज्ञताही आवरली नाही.

८/ खापरपणजोबांनी दुष्काळात धान्याची कणगी गावासाठी उघडली होती, असेही घरात सांगतात. ती गोष्ट मी पुसणार नाही. वंशावळीच्या वहीत तिच्याखाली एवढेच लिहिले आहे : 'हे हजेरी घेत असत. देणाऱ्यांची नावे आपल्या घराने जपली नाहीत.'

९/ गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. विमुक्त समाज तो दिवस आजही पाळतो. तुमच्या घरातही चावडीच्या, पाटीलकीच्या गोष्टी सांगितल्या जात असतील. सांगणारी माणसे आहेत तोवर एकदा विचारा : समोर कोण उभे होते? एखादे नाव मिळालेच, तर लिहून ठेवा.