हरिणीने दिलेला शब्द

महाशिवरात्रीला आमच्या घरी रताळी उकडली जायची, कवठाची चटणी व्हायची आणि रात्री अंगणात घोंगडी पडायची. आमचं गाव बारामतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. वीज अजून यायची होती. आजी कंदिलाच्या उजेडात ‘शिवलीलामृता’चा दुसरा अध्याय वाचायची. श्रीधरस्वामींनी ही पोथी शके 1640 मध्ये, म्हणजे 1718 साली, बारामतीत लिहिली, याचा तिला कोण अभिमान! आपल्याच आळीतल्या माणसाने लिहिल्यासारखा. वाचून झालं की ती वात बारीक करायची आणि म्हणायची, “आता वर बघ.”

माघ वद्य चतुर्दशीला चंद्र उगवतो तो पार पहाटे. त्यामुळे आभाळ काळंभोर असायचं आणि मृग ऐन माथ्याजवळ, किंचित दक्षिणेला. चार कोपऱ्यांत चार पाय, मधे एका ओळीत तीन तारे. गावात त्याला तिकांडं म्हणत. हरणात रुतलेला तो बाण. त्या ओळीच्या रोखाने खाली डावीकडे नजर नेली की लखलखणारा व्याध.

मग गोष्ट सुरू व्हायची. तळ्याकाठी बेलाच्या झाडावर बसलेला उपाशी पारधी. नेम नीट दिसावा म्हणून तो पानं तोडून खाली टाकतो आणि ती नकळत पिंडीवर पडत राहतात. पाण्यावर आलेली हरिणी म्हणते, घरी जाऊन सगळ्यांना भेटून येते, मग मार. पारधी तिला जाऊ देतो. उजाडताना ती खरोखरच परत येते, आणि मागोमाग तिचं सगळं कुटुंब, “आधी मला मार” म्हणत. पारध्याच्या हातून धनुष्य गळून पडतं. शंकर त्या सगळ्यांना आभाळात जागा देतो.

दर वर्षी मी विचारायची, “सुटली होती ना ती? मग परत का आली गं?”

“शब्द दिला होता ना बाळ तिने.” आजीचं उत्तर एवढंच. यापुढे ती काही समजावत बसायची नाही.

गेल्या शिवरात्रीला पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर अकरा वर्षांच्या नातीने मोबाइल आभाळाकडे धरला आणि ओरडली, “आजी, सिरियस! हॅरी पॉटरमधला!” मी म्हटलं, “अगं, हा तर आपला व्याध.” मग तिने मला सिरियस ब्लॅकची गोष्ट सांगितली. जिवलग मित्राचा घात केल्याचा आळ येऊन तो बारा वर्षं अझ्काबानच्या तुरुंगात खितपत पडतो, आणि घात केलेला असतो दुसऱ्यानेच. तो काळ्या कुत्र्याचं रूप घेतो, कारण ग्रीकांच्या आभाळात हा तारा कुत्र्याचा. ऐकता ऐकता माझ्या अंगावर काटा आला. देश वेगळा, नावं वेगळी, पण त्याच ताऱ्याखाली पुन्हा कुणीतरी आपल्या माणसांशी इमान राखून होतं.

मग मी माझी गोष्ट सांगितली. संपल्यावर ती म्हणाली, “पण हरिणी परत का आली?”

मी आजीचंच उत्तर दिलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या मते देवाची ओळख अशी होते, कुणाच्या तरी शेजारी बसून, वर बघताना.

गोष्टींची मला काळजी नाही. पोरं त्या कुठूनही शोधून आणतात. हळहळ वाटते ती अंधाराची. आजी कृत्तिकांचे सहा तारे बोटाने मोजून दाखवायची. पुण्याच्या गच्चीवरून मला तिथे नुसता पुसट ठिपका दिसतो, आणि त्याला माझे डोळे एकटे जबाबदार नाहीत. गावच्या अंगणासमोरही आता खांबावर पांढरा एलईडी दिवा आहे. रात्री बायका निर्धास्त ये-जा करतात, तो हवाच. पण शिवरात्रीला निदान आपल्या दारातला दिवा घटकाभर मालवता येतो.

येत्या शिवरात्रीला रात्री आठच्या सुमारास तेवढं करा. घरातल्या लहानग्याला शेजारी बसवा. तिकांड्याच्या रोखाने डावीकडे व्याध, उजवीकडे तांबूस रोहिणी. रोहिणी आपल्यापासून सुमारे 65 प्रकाशवर्षं दूर आहे. आज तिचा जो उजेड माझ्या डोळ्यांत शिरतो, तो आजी कंदिलाची वात बारीक करत होती त्या वर्षांत तिथून निघाला होता.