तिफण आणि डवरा

प्रोग्राम लिहिणारे व तो चालवणारे यांनी एकत्र नांदावे म्हणून २००९ साली बेल्जियममध्ये ‘डेव्हऑप्स’ हा शब्द निघाला, असे पुण्यास नोकरी करणारा माझा एक विद्यार्थी सांगत होता. लिहिलेले जपायला गिट, तपासायला जेन्किन्स, बांधून पाठवायला डॉकर. एकाचे दुसऱ्याशी जुळले नाही, की मध्यरात्री ह्याची झोप मोडते. “गुरुजी, हत्यार निवडावे तरी कसे?”

मी पडलो मॅट्रिक! पण आमच्या बुलढाण्याच्या काळ्या रानात तिफणीच्या ओळींतले अंतर पाहूनच डवऱ्याची पास ठरते. पास रुंद झाली, तर तणाबरोबर पीकही कापले जाते. अवजार एकटे चांगले असून भागत नाही. आणि पेरणारा व डवरणारा यांच्यातच अबोला असेल, तर ते तरी बिचारे काय करणार?