चौऱ्याऐंशी आणि एक

माणसाने एकदा मराठीचा प्राध्यापक म्हणून नाव मिळवले, की त्याच्या वाट्याला कोणकोणती कामे येतील याचा नेम नाही. लग्नपत्रिकेचे शुद्धलेखन तपासणे, सोसायटीच्या टाकीवर लावायची सूचना लिहून देणे, कुणाच्या नातीसाठी 'य'वरून नाव सुचवणे, ही कामे मी वीस वर्षे विनामूल्य करीत आलो आहे. परंतु गेल्या हिवाळ्यात टी-शर्टावर छापायचे वाक्य लिहून देण्याचे काम आले, आणि त्या एका वाक्यापायी मी तामिळनाडूतील तिरुप्पूरच्या दोन खेपा केल्या. त्याची ही हकीकत.

आमच्या घरी 1983 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी ती नोंदवली तेव्हा मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमचा नंबर लागला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, असे आई सांगत असे. म्हणजे मोटार हे माझे धाकटे भावंडच म्हणायचे. आणि धाकट्याचे व्हायचे तसेच तिचेही सगळे लाड झाले.

वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीची अकराशे सी.सी.ची मोटार तयार होऊ लागली. पुढे 1974 च्या सुमारास तिचे नाव 'पद्मिनी' झाले, पण लोकांच्या तोंडी 'फियाट'च राहिले. सासरचे नाव कागदावर आणि माहेरचे तोंडात, असा तो प्रकार. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर 2023 अखेर तिची सद्दी संपली. उरल्या त्या आमच्यासारख्यांच्या घरगुती गाड्या.

अशा गाड्या बाळगणाऱ्या पुण्यातील मंडळींचा दर जानेवारीत एक मेळावा भरतो. यात कुणी संस्थानिक नाही. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी दंतवैद्य, कुणी छापखानेवाले. सरकारने 2021 साली नियम केला, त्याप्रमाणे मोटार पन्नास वर्षांची झाली आणि मूळ रूपात असली तरच तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. आमच्या बहुतेक गाड्या अजून त्या मानाला पोचलेल्या नाहीत. मालकांप्रमाणेच त्या प्रौढ वयातील, म्हणजे तरुणांत धरल्या जात नाहीत आणि वृद्धांच्या सवलतीही मिळत नाहीत.

यंदा सर्वांनी एकसारखे टी-शर्ट घालावेत असे दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरले. बेचाळीस मोटारी, मोटारीमागे दोन याप्रमाणे चौऱ्याऐंशी नग. रंगावरून तासभर वाद झाला. काळा-पिवळा नको, लोक हात करून थांबवतील, असे दंतवैद्य म्हणाले. शेवटी फिकट आकाशी ठरला. पुढे मोटारीच्या तोंडाचे रेखाचित्र आणि पाठीवर माझे वाक्य: 'माझी फियाट अजून धावते'. वाक्य एकमताने मंजूर झाले.

तेवढ्यात कुणीतरी म्हणाले, "आपल्या मिस्त्रींना एक द्यायचा का?"

हे मिस्त्री म्हणजे आमच्या निम्म्याअधिक गाड्यांचे धन्वंतरी. पद्मिनीचा कारखाना बंद पडून दोन तपे होत आली. सुटे भाग कुठल्या गल्लीत मिळतात, कार्बोरेटरची कुठली जेट घासून बसते, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याला कुठे तेल घालायचे, ही सगळी विद्या त्यांच्या बोटांत आहे. पण आमचे खजिनदार हिशेबाला कडक. ते वर न बघता म्हणाले, "मोटारीमागे दोन असे ठरले आहे. त्यांची मोटार कुठली?"

सगळे हसले. मीही हसलो. विषय तिथेच संपला.

डिसेंबरात कोइमतूरला भाषांतरविषयक चर्चासत्रासाठी मला जायचे होते. कोइमतूरहून तिरुप्पूर पन्नासएक किलोमीटर, आगगाडीने तासाभराच्या आत. साहजिकच टी-शर्टांचे काम माझ्या गळ्यात पडले. "अहो, स्वतःसाठी बनियन आणायला सांगितले तर तुम्ही विसरता, आणि चौऱ्याऐंशी लोकांचे कपडे आणणार?" असे आमची सौभाग्यवती म्हणाली. तिच्या बोलण्यात तथ्य होते.

तिरुप्पूर हे बनियनांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहेच; आता तिथला टी-शर्ट सगळ्या जगात जातो. स्टेशनाबाहेर पडलो आणि जवळच तिरुप्पूर कुमारनचे स्मारक पाहिले. जानेवारी 1932 मध्ये सत्याग्रहाच्या मिरवणुकीत लाठीमार झाला, हा तरुण खाली कोसळला, पण हातातला तिरंगा त्याने सोडला नाही. 11 जानेवारीला त्याचा अंत झाला. तमिळ लोक त्याला 'ध्वज राखणारा कुमारन' म्हणतात. कापडावर जगणाऱ्या या गावाचा हुतात्माही कापडाच्या एका तुकड्यासाठी प्राण देऊन गेला, हे मनात घेऊन मी पुढे निघालो.

मोठे निर्यातदार चौऱ्याऐंशी नगांसाठी दारही उघडत नाहीत. चर्चासत्रातील एका तमिळ प्राध्यापकांनी एका लहान कारखानदाराशी आधीच गाठ घालून दिली होती. गृहस्थ मोठे अगत्यशील. इंग्रजी, हिंदी आणि हातवारे अशा तीन भाषांत त्यांनी मला सगळे दाखवले.

आपल्या सदऱ्याचे कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी तयार होते. टी-शर्टाचे तसे नाही. ते आजीच्या स्वेटरसारखे फाशात फासा अडकवून विणतात. म्हणून ते ताणले जाते आणि पोट सुटलेल्या माणसाची अब्रू राखते. एका गोल यंत्रात शेकडो सुया वर्तुळात मांडलेल्या असतात. यंत्र फिरते आणि खाली अखंड नळीसारखे कापड उतरत जाते. आमचे कापड चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचे होते. धुण्यात टिकेल आणि पुण्याच्या उन्हात घामही काढणार नाही, असे मध्यम.

रंगाई मात्र दुसरीकडे. वाटेत नोय्यल नदीचा पूल लागला तेव्हा मी थांबलो. वेल्लिंगिरीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पुढे कावेरीला मिळते. रंगाईच्या कारखान्यांचे खारट, रंगीत पाणी वर्षानुवर्षे तिच्यात सोडले गेले. शेतीसाठी 1992 साली बांधलेल्या ओरत्तुपालयम धरणात तेच पाणी साठले आणि खालची शेते नासली. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेच्या आसपास रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. त्यानंतर सांडपाण्याचा थेंबही नदीत न सोडता ते शुद्ध करून पुन्हा वापरायचे, या अटीवर काम सुरू झाले. आम्ही पुण्यात चहा पीत तासभर ज्या आकाशी रंगावर वाद घातला, त्याच्यामागे एवढे रामायण होते.

कारखान्यात कापड बेतून झाले होते. छपाई शिलाईच्या आधी करतात, कारण सुटी पाठ सपाट पसरता येते. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर शाई, आणि रबरी पट्टीचा एक हात. तेवढ्यात अक्षर उमटते. एका रंगाला एक जाळी. मग कापड तापलेल्या यंत्रातून फिरवतात, म्हणजे शाई पक्की बसते. नमुन्याची पाठ माझ्यासमोर ठेवून गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "गुड, सार?"

मी पाहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. संगणकाने 'फियाट'मधील पहिली वेलांटी उचलून 'फ'च्या पलीकडे नेऊन ठेवली होती. चौऱ्याऐंशी पाठींवर अशुद्ध मराठी, आणि खाली जबाबदार प्राध्यापक मी! दोनदा प्रयत्न झाला. वेलांटी जागेवर येईना. शेवटी ते म्हणाले, "सार, तुम्ही हाताने लिहा. आम्ही त्याचे चित्र करून छापू."

त्यांचा माणूस जाड पेन शोधायला गेला. तोवर मी बसून राहिलो. शेजारी दुसऱ्या कुणाच्या मालाची शिलाई चालली होती. एक जण खांदे जोडीत होता, दुसरा बाह्या, तिसरी बाई नुसत्या गळ्याच्या पट्ट्या. पलीकडे चार बायका तयार कपड्यांची उरलेली सुते कात्रीने टिपत होत्या. एका टी-शर्टाला किती हात लागतात, असे मी विचारले. गृहस्थ सुतापासून मोजू लागले आणि दोन्ही हातांची बोटे संपल्यावर हसून थांबले. "आणि यांची नावे?" मी विचारले. त्यांनी गळ्याच्या आतली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर कुठल्याशा परदेशी दुकानाचे नाव होते.

मला आमची बैठक आठवली. 'त्यांची मोटार कुठली?' आणि आपण हसलो होतो, तेही.

एक जास्त निघेल का, असे विचारले. कापड उरले होते. "साइझ, सार?"

इथे माझी बोलती बंद झाली. तीस वर्षे मी या माणसाला ओळखतो. पण ते नेहमी बॉनेटमध्ये वाकलेले किंवा गाडीखाली आडवे. सरळ उभे राहिलेले मिस्त्री माझ्या डोळ्यांपुढे येईनात. मी पुण्याला फोन लावला.

"सर? कुठं बंद पडली? चोक ओढून बघितला का?"

"गाडी घरी आहे, मिस्त्री. तुमची छाती किती?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "काय म्हणता सर?"

मी सविस्तर सांगितले.

"बेचाळीस असेल. पण कशाला सर? आमची गाडी नाही ना त्यात."

म्हणजे बैठकीतला नियम त्यांच्या कानी आधीच गेला होता.

पेन आले. वीस वर्षे फळ्यावर घोटलेल्या अक्षरात मी कागदावर लिहिले: 'आमची फियाट अजून धावते'. वेलांटी नीट जागेवर दिली.

चर्चासत्र आटोपल्यावर दुसऱ्या खेपेस पंच्याऐंशी नगांचे खोके घेऊन निघालो. स्वतःचे बनियन आणायला विसरलो. पुण्यात खजिनदारांनी खोके उघडून पाठ वाचली. "ठरले होते 'माझी'."

"तिकडे मराठीची फार अडचण," मी म्हणालो. ते काही खोटे नव्हते. वरच्या एका नगाचे पैसे मी पुढे केले. त्यांनी ते परत सारले आणि यादीच्या शेवटी आपल्या नेटक्या अक्षरात लिहिले, 'मिस्त्री: 1'. "त्या दिवशी मी उगीच बोललो," असे ते कागदाकडे पाहतच म्हणाले.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी होती. दंतवैद्यांची गाडी ऐन वेळी सुरू होईना. मिस्त्री गाडीखाली शिरले होते. त्यांच्या अंगात टी-शर्ट होता खरा, पण अक्षरे दिसेनात. जवळ जाऊन पाहतो तो त्यांनी तो उलटा घातलेला, शिवणी बाहेर.

"मिस्त्री, उलटा घातलात की!"

"असू द्या सर. ग्रीस लागेल छपाईला."

इंजिन फुरफुरले, खोकले आणि सुरू झाले. छायाचित्रकाराने सर्वांना पाठमोरे उभे राहायला सांगितले, म्हणजे वाक्य दिसेल. मिस्त्रींनी चिंध्यांना हात पुसले, गाडीच्या आड जाऊन टी-शर्ट सुलटा केला आणि रांगेत टोकाला येऊन उभे राहिले. खजिनदारांनी त्यांना हाताला धरून मधे आणले.

ते छायाचित्र आमच्या दिवाणखान्यात लावले आहे. पाठमोरी माणसे ओळखू येत नाहीत अशी सौभाग्यवतीची तक्रार आहे. पण मधली पाठ मला ओळखता येते. पंच्याऐंशी पाठींत तेवढीच एक आहे, जिच्यावरील अक्षरांवर कापडाच्या सुरकुत्या पडल्या आहेत.